कडक ख्रिस्ती वळणात वाढवलं तर लेकरांचं नुकसान होतं का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे, आधी तो थोडक्यात सांगते. नवरा पूर्वी खूप प्यायचा, कापसाचा पैसा घरी यायच्या आधी संपायचा, मारहाण व्हायची. तीन वर्षांपूर्वी तो शेजारच्या गावातल्या प्रार्थना सभेत जायला लागला आणि दारू सुटली ती सुटलीच. नवरा-बायको दोघांनी बाप्तिस्मा घेतला. सासू मात्र अजून तिच्या देवाची पूजा करते, घर एकच, चूल एकच. मुलगी तेरा वर्षांची, मुलगा नऊचा. आता घरात टीव्ही नाही, पोळा-गणपतीला बाहेर पडायचं नाही, शाळेत प्रसाद घ्यायचा नाही, वाढदिवस करायचा नाही, रोज बायबलचं एक वचन पाठ करायचं आणि झालं नाही तर छडी. मुलगा रात्री दचकून उठतो. ताईंचा भाऊ म्हणतो तुम्ही पोरांचं वाटोळं करून राहिले, त्यायले माहेरी पाठवून दे. ताईंचा स्वतःचा विश्वास पक्का आहे आणि त्या विचारतात, "मॅडम, देवाच्या भयात लेकरं वाढवणं चूक आहे का?"

ताई, मी आधी माझं सांगते म्हणजे तुम्हाला कळेल कोण बोलतंय. माझं बालपण मिशन कंपाऊंडमधलं, आजोबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, संडे स्कूल, उपास-प्रार्थना, नाताळचं गाणं म्हणत घरोघरी फिरणं सगळं केलेलं आहे. आणि गेली वीसेक वर्षं मी अमरावती-यवतमाळकडच्या शाळांमध्ये आणि ओपीडीत लहान मुलांचं आणि वयात आलेल्या पोरापोरींचं समुपदेशन करते, त्यात सगळ्या धर्माची घरं असतात. त्यामुळे चर्चला नावं ठेवायला मी बसलेली नाही, पण लेकराला त्रास होत असेल तर तो झाकून ठेवायलाही बसलेली नाही.

माझं उत्तर असं की विश्वासाने लेकरांचं वाटोळं होत नाही, आणि नियम कडक आहेत एवढ्यानेही होत नाही. नुकसान तिथे होतं जिथे लेकराला वाटतं की माझी एक चूक झाली किंवा मनात एक शंका आली की देव पण गेला आणि मायबाप पण गेले. म्हणून माझ्याकडे असं घर आलं की मी वचन किती पाठ आहेत, चर्चला किती वेळा जाता हे विचारत नाही. मी विचारते, लेकराच्या हातून काही चुकलं तर ते आधी कोणाकडे जातं? तुमच्याकडे येत असेल तर तुमचं घर कितीही कडक असलं तरी बरंचसं ठीक आहे. तुमच्यापासूनच लपवत असेल तर मग बसून बोलावं लागेल.

हे मी नुसतं मनाने सांगत नाही. डायना बॉमरिंड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६० च्या दशकात आईबापांच्या वळण लावण्याच्या पद्धतींचा अभ्यास केला, तो आजही आमच्या क्षेत्रात पायाभूत मानतात. त्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते की नियम पक्के असणं वेगळं आणि धाक दाखवून मुलाचं तोंड बंद करणं वेगळं. नियम पक्के, पण मुलाशी बोलणं आहे, कारण सांगणं आहे, जवळ घेणं आहे, अशा घरातली मुलं सहसा चांगलीच निघतात. नियम पक्के आणि वर फक्त "मी सांगतो म्हणून", तिथली मुलं समोर गरीब दिसतात आणि आतून घाबरलेली किंवा चिडलेली असतात. धर्माचं म्हणाल तर २०१८ मध्ये हार्वर्डच्या यिंग चेन आणि टायलर वँडरवील यांचा एक मोठा अभ्यास छापून आला, पाच हजारांवर मुलं, त्यांना किशोरवयापासून तरुण होईपर्यंत पाहिलं. जी मुलं दर आठवड्याला उपासनेला जायची ती कधीच न जाणाऱ्यांपेक्षा मोठेपणी आनंदी असण्याची शक्यता सुमारे १८ टक्के जास्त निघाली, नशेकडे वळण्याचं प्रमाणही त्यांच्यात कमी. आता हा अमेरिकेतला अभ्यास आहे, तिकडच्या नर्सबाईंची मुलं होती ती, आपल्याकडे कापूस वेचणाऱ्या घरात जसाच्या तसा लागू पडेल असं मी म्हणणार नाही. पण "धर्मात वाढवलं म्हणजे वाटोळं" हे तुमच्या भावाचं म्हणणं त्यात बसत नाही एवढं तरी खरं.

आता तुमच्या घरातली जी गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते ती तुम्ही दोन ओळीत सांगून पुढे गेल्या. नवऱ्याची दारू सुटली. ताई, दारुड्या बापाच्या घरात लेकरू कसं वाढतं ते मी रोज बघते, संध्याकाळी फाटकाचा आवाज आला की कोपऱ्यात जाऊन बसतं, बापाची चाल बघून ठरवतं आज काय होणार. तुमच्या लेकरांचं ते थांबलं. हे जर प्रार्थना सभेने झालं तर त्या सभेचे तुमच्या लेकरांवर उपकारच आहेत, हे तुमच्या भावाने पण मान्य करायला पाहिजे, कारण तेव्हा कोणीच त्यांना माहेरी नेलं नव्हतं.

पण याच्यातच दुसरी बाजू आहे. व्यसनातून बाहेर आलेला माणूस नियमांना फार घट्ट धरतो. त्याला धरावंच लागतं, कारण एक पाऊल घसरलं तर आपलं काय होईल हे त्याला माहीत असतं. जुने मित्र नको, पोळ्याची गर्दी नको कारण पोळ्याच्या संध्याकाळी गावात कोण किती पितं हे त्याने आतून पाहिलं आहे, टीव्ही नको, बाहेरचं काहीच नको. त्याच्यासाठी हे बरोबर आहे, मी तर म्हणेन त्याचे नियम कोणी ढिले करू नका. गडबड तेव्हा होते जेव्हा तो स्वतःची भीती लेकरांवर घालतो. ज्याचा पाय मोडला होता त्याला कुबडी लागते, धडधाकट लेकराच्या काखेत तीच कुबडी दिली तर ते वाकडं चालायला लागतं. तुमच्या मुलाला दारूचा मोह नाही, तो नऊ वर्षांचा आहे, त्याला पोळ्याला बैल बघायचे आहेत एवढंच. हे नवऱ्याला सांगताना "तुम्ही चुकता" असं सांगू नका, "तुमची लढाई वेगळी, त्याची वेगळी" असं सांगा, बहुतेक बापांना हे पटतं असा माझा अनुभव आहे.

छडीचं मात्र मी गुळगुळीत बोलणार नाही. ती बंद करायची. वचन पाठ झालं नाही म्हणून मारणं तर लगेच बंद करायचं. एलिझाबेथ गेरशॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये पन्नासेक वर्षांतले ७५ अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यात जवळजवळ एक लाख साठ हजार मुलं येतात, आणि त्यात साधी चापट मारण्याचासुद्धा संबंध चांगल्या कशाशीच दिसला नाही, उलट हट्टीपणा, मारकुटेपणा, मनाचे त्रास यांच्याशी दिसला. शाळेत तर शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने अंगावर मारणं आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई आहे, मास्तरने केलं तर त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई होते. नवरा म्हणेल बायबलच्या नीतिसूत्रांत लिहिलंय, जो छडी आवरतो तो मुलाचा वैरी. हे वचन सगळे बाप पाठ करतात. तर तुम्ही त्यांना बायबलमधल्याच इफिसकरांच्या पत्राचा सहावा अध्याय आणि कलस्सैकरांच्या पत्राचा तिसरा काढून द्या, तिथे प्रेषित पौलाने बापांनाच बजावलंय की मुलांना चिरडीस आणू नका, नाहीतर ती खचून जातील. नीतिसूत्रं वाचायची तर पुढे पौलही वाचावा लागेल ना. आणि अजून एक विचार करा, ज्या वचनासाठी पाठीवर वळ उठला ते वचन त्या पोराला मोठेपणी आठवलं की सोबत काय आठवेल? माझ्याकडे चाळिशीची माणसं येतात ज्यांना एखादं सुंदर स्तोत्र ऐकलं की पोटात गोळा येतो. देवाची गोडी लागावी म्हणून जे शिकवलं त्याने देवाचं नाव काढलं की अंग आक्रसतं.

वचन पाठ करणं मला स्वतःला आवडतं हो, त्याने भाषा सुधारते, स्मरणशक्ती सुधारते, संकटात तोंडावर काहीतरी येतं. चाल लावून गाऊन शिकवा, चार दिवसांनी आलं तरी चालेल. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांनी अभंग-ओवीच्या चालीवर भजनं रचली, कीर्तनं केली, ती आपल्या मंडळ्यांमध्ये आजही गातात. मराठी माणूस गाऊन शिकतो, हे त्यांना तेव्हाच माहीत होतं.

आता रात्री दचकून उठण्याचं. याच्यावर मी जरा जास्त बोलते कारण यात लेकराच्या वयाचा फार संबंध आहे. नऊ वर्षांचं मूल जे ऐकतं ते जसंच्या तसं खरं मानतं. साधारण अकरा-बारापर्यंत मुलाचा विचार डोळ्यांना दिसेल अशा गोष्टींवरच चालतो, हे पियाजे नावाच्या स्विस मानसशास्त्रज्ञाने फार पूर्वी मांडलं आणि घराघरात ते दिसतंच. मोठ्या माणसाने सभेत ऐकलं की प्रभू केव्हाही येईल आणि विश्वासी लोकांना वर नेईल, तर त्याला त्यात आशा दिसते. लेकराला काय दिसतं? मी एका गावात शाळेच्या कामाने गेले होते तेव्हाची गोष्ट. दुसरीतलं एक पोरगं दुपारी शाळेतून घरी आलं, दार उघडं, मायची चप्पल उंबऱ्यापाशी, चुलीवर भाजी ठेवलेली आणि घरात कोणीच नाही. माय मागच्या वावरात बकरी हाकलायला अनवाणी धावली होती. पोरगं रस्त्यावर येऊन असं किंचाळायला लागलं की शेजारच्या बायका धावल्या. माय आली तर तिला मिठी मारून एकच बोलत होतं, "मले वाटलं तुमी सगळे वर गेले अन् मी पापी म्हणून राह्यलो." त्या आधीच्या रविवारी कोणीतरी पाहुण्या प्रचारकाने शेवटच्या दिवसांवर बोलताना मोठ्यांच्या सोबत लेकरांनाही बसवलं होतं. त्या लेकराला कित्येक महिने एकटं संडासला जायची भीती वाटायची.

तर ताई, तुमच्या मुलाला एकदा दिवसा, उजेडात, कामधाम करता करता विचारा की रात्री तुला काय दिसतं. रात्री विचारू नका. आणि ते जे सांगेल त्याला हसू नका, "असं काही नसतं" म्हणून झटकू पण नका. ते जर आग, सैतान, मागे राहणं असलं काही बोललं तर नवऱ्याशी आणि पास्टरशी बोलून हे सगळं काही वर्षं त्याच्यापुढे बंद करा. लेकरांना येशूने जवळ बोलावलं ते घाबरवायला नाही, शिष्य त्यांना हाकलत होते तर तो शिष्यांवर रागावला. त्या वयाला हरवलेलं मेंढरू सांगा, उधळ्या पोरगा परत आला आणि बाप धावत गेला ते सांगा. रात्रीच्या प्रार्थनेचा शेवट क्षमा मागण्याने करू नका, आभार मानण्याने करा, आज काय काय चांगलं झालं ते मोजून. आठ-पंधरा दिवसांत झोपेत फरक दिसतो, पुष्कळ मुलांमध्ये मी पाहिलाय. नाहीच पडला तर डॉक्टरला दाखवायचं, कारण झोपेतून उठण्याची दुसरी पण कारणं असतात, जुनी मारहाण पाहिलेली असते ती पण उशिरा वर येते.

काही लेकरांमध्ये हे वेगळ्याच वाटेने जातं आणि घरच्यांना ते भक्तीच वाटते. आठवीतली एक मुलगी आणली होती, तक्रार काय तर पेपर पूर्ण होत नाही. हुशार मुलगी. समोर बसवलं तर ओठ सारखे हलताहेत. मनात वाईट विचार आला असं वाटलं की "प्रभू क्षमा कर" म्हणायचं, ते मनापासून झालं नाही असं वाटलं की परत, मग मोजून सात वेळा, मध्ये कोणी बोललं की पुन्हा पहिल्यापासून. घरचे खूश होते की पोरगी प्रार्थनेत असते. हा आजार आहे, ओसीडीचाच म्हणजे नको तो विचार सारखा येऊन तेच तेच करत राहण्याच्या आजाराचा एक प्रकार, विषय फक्त पापाचा असतो. कुठल्याही धर्मात होतो, सोवळ्याचा होतो, नमाजाआधी हातपाय धुण्याचा म्हणजे वजूचा होतो. प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणारा मार्टिन ल्यूथर मठात असताना तासन् तास पापांची कबुली देत बसायचा, कॅथलिकांचा संत इग्नेशियस लोयोलाही याच पीडेतून गेला, म्हणजे चर्चला हे शेकडो वर्षांपासून माहीत आहे. याला थेरपी आणि गरज पडली तर गोळ्या असा चांगला उपचार आहे. अजून जास्त प्रार्थना करायला लावणं हा उपचार नाही, त्याने ते वाढतं.

तुमची मुलगी तेरा वर्षांची आहे, तिचं वेगळं असणार. त्या वयात डोकं उलटसुलट विचार करायला लागतं आणि विदर्भातल्या तुमच्यासारख्या घरात तिचा पहिला प्रश्न काय असतो ते मी न विचारता सांगू शकते. आजी नरकात जाईल का? जी आजी तुम्ही सोयाबीन सोंगायला गेल्यावर तिला जेवू घालायची, बाप पिऊन आला की पदराखाली घ्यायची, ती आजी. सभेत ऐकलेलं आणि घरात पाहिलेलं जुळत नाही. इथे जर "हो, जाणार" असं कोणी फाडकन सांगितलं तर दोनपैकी एक होतं, पोरगी आजीपासून तुटते नाहीतर देवापासून तुटते, आणि दोन्हीत ती एकटी पडते. तुम्हाला विश्वास न सोडता याचं उत्तर देता येतं. न्याय देवाचा आहे, आपला नाही, आणि तो आपल्यापेक्षा जास्त दयाळू आहे, एवढं म्हणा आणि ते ख्रिस्ती शिकवणीच्या बाहेरचं नाही. कॅथलिक चर्चने तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत १९६४ मध्ये लेखी मांडलं की ज्यांना स्वतःच्या दोषाशिवाय सुवार्ता कळली नाही पण जे मनापासून देवाला शोधतात त्यांनाही तारण मिळू शकतं. तुमची मंडळी कॅथलिक नसेल, तुमच्या पास्टरचं मत वेगळं असेल, तरी कोणाच्या जिवंत आजीचा निकाल आपण चुलीपाशी बसून लावायचा नाही इतकं कोणताही समजदार पाळक मान्य करेल. आणि मुलीसमोर आजीच्या देवाला सैतान म्हणणं पूर्ण बंद. मायबापाचा मान राख ही आज्ञा तुमच्या नवऱ्यालाही लागू आहे, सासूबाई त्यांचीच माय आहे.

मुलीने प्रश्न विचारला म्हणजे विश्वास डळमळला असं समजू नका हो. प्रश्न विचारते आहे म्हणजे तुमच्यावर भरवसा आहे. गप्प झाली की काळजी करा. याच वयात पाळी, अंगातले बदल, मुलगा आवडणं हे सगळं येतं, आणि तिथे "पाप" हा एकच शब्द वापरला तर पुढे तिला कोणी हात लावला, त्रास दिला तरी ती सांगणार नाही, तिला वाटेल माझंच पाप. म्हणून दोन्ही लेकरांना स्पष्ट सांगा की कोणीही, पाहुणा असो, शिक्षक असो, पास्टर असो, नको तिथे हात लावला तर आम्हाला सांगायचं आणि आम्ही तुझ्यावर रागावणार नाही. असं काही झालंच तर "क्षमा कर आणि विसर" म्हणून दाबायचं नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२ चा आहे, माहिती असून न कळवणं हाही त्यात गुन्हा आहे. क्षमा ही पुढची गोष्ट, आधी लेकराची सुरक्षा.

पोळा आणि प्रसाद. गावात तुमचं एकच घर किंवा दोन घरं ख्रिस्ती असतील तर लेकराला आधीच शाळेत ऐकावं लागत असणार, बाटगे म्हणून चिडवतात, ते मला माहीत आहे आणि त्याचाही मनावर परिणाम होतो. त्याचा दोष तुमचा नाही. पण त्यावर घराने अजून दारं लावून घेतली तर लेकराला मित्रच राहत नाही, आणि मित्र नसलेलं मूल कुठल्याही धर्माचं असो ते खचतं. पोळ्याला पूजा नका करू, पण तुमच्याकडे बैलजोडी असेल तर मुलाला बापासोबत नदीवर बैल धुवू द्या, खांद्याला हळद-लोणी लावू द्या, वर्षभर राबलेल्या मुक्या जनावराचे आभार मानायला कुठल्या धर्माची मनाई आहे? बैल नसले तर दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्यात लाकडी बैल घेऊन पोरांसोबत फिरू द्या, बोजारा म्हणजे खाऊ-पैसे मिळतील, हसेल. किती ख्रिस्ती शेतकरी घरं हे करतात. प्रसादाचा प्रश्न तर पौलाच्या काळापासून आहे, करिंथकरांच्या पहिल्या पत्रात त्याने दोनदा त्यावर लिहिलं आणि दुसऱ्याच्या मनाला ठेच लागू नये यावर भर दिला. घ्यायचा नसेल तर नका घेऊ, ती तुमची सदसद्विवेकबुद्धी, पण लेकराला एक साधं वाक्य शिकवा, "मॅडम, आमच्या घरी घेत नाही, थँक्यू", हात जोडून. "ते सैतानाचं आहे" हे वाक्य नऊ वर्षांच्या तोंडी द्याल तर वर्गात तो एकटा पडेल आणि चूक त्याची नसेल. मास्तरांनाही एकदा भेटून सांगा. केरळमधली तीन मुलं राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची पण श्रद्धेमुळे गात नव्हती म्हणून शाळेने काढली होती, १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना परत घ्यायला लावलं. तेव्हा साध्या प्रसादासाठी कोणी मास्तर जबरदस्ती करू शकत नाही, पण भांडून सांगण्यापेक्षा आधीच नम्रपणे सांगितलेलं बरं.

टीव्ही नसल्याचं मला काहीच वाईट वाटत नाही. वाढदिवसाला केक नको तर नको, त्या दिवशी आवडीची भाजी आणि डोक्यावर हात ठेवून प्रार्थना एवढं तरी करा, लेकराला आपण जन्मलो याचा घरात कोणाला आनंद आहे हे कळायला पाहिजे.

तुम्ही विचारलं नाही तरी एक गोष्ट सांगतेच, कारण खेड्यात यानेच जीव जातात. औषध बंद करून फक्त प्रार्थना, हे कधीच नाही. आपल्याकडे सिकलसेल या रक्ताच्या आजाराची लेकरं आहेत, फेफरं येणारी आहेत, आणि "विश्वास ठेव, गोळी सोड" असं सांगणारे प्रचारक मला भेटलेत, जसे गोळी सोडून अंगारा लावा सांगणारे बाबाही भेटलेत. फेफऱ्याची गोळी एकदम सोडली की झटक्यांवर झटके येऊन मूल दगावू शकतं. आणि हे ख्रिस्ती परंपरेत बसतच नाही, याच विदर्भात मिशनने उमरीला, वाशीमला, नागपूरला दवाखाने काढले, परतवाड्याजवळ कोठाऱ्याला कुष्ठरोग्यांची सेवा केली, ती माणसं सकाळी प्रार्थना करून मग ओपीडीत बसायची. भूत काढतो म्हणून लेकराला मारणं, बांधणं हे तर २०१३ च्या जादूटोणा विरोधी कायद्यात सरळ गुन्हा आहे, भगत असो की कोणी रेव्हरंड असो.

मदत केव्हा घ्यायची? शनिवारी रात्री किंवा रविवारी सकाळीच पोट दुखायला लागलं, सुटलेलं अंथरुण ओलं करणं परत सुरू झालं, एकच प्रार्थना सारखी सारखी, खेळणं बंद, किंवा "मी वाईट आहे, मेलो तर बरं" असं एकदा जरी तोंडातून निघालं तर थांबायचं नाही. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग आहे, सेवाग्रामला आहे, आणि घरून फोन करायचा तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्रीही उचलतात. लेकराला मारहाण होत असेल तर मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८.

आता भावाचं. मुलांना माहेरी पाठवू नका, सध्या तरी नको. दारू सुटलेल्या बापापासून लेकरं तोडली तर त्या माणसाचंही काय होईल सांगता येत नाही, आणि लेकरांना वाटेल आमच्यामुळेच घर मोडलं. भावाला म्हणा सुट्टीत आठ दिवस ने, मामाच्या गावाला सगळीच लेकरं जातात, तिथे त्यांनी काय खाल्लं काय पाहिलं याची आल्यावर उलटतपासणी होणार नाही ही माझी जबाबदारी. भावालाही एक अट घाला, लेकरांसमोर त्यांच्या बापाच्या देवाची टिंगल करायची नाही. पण नवऱ्याशी बोलून, पास्टरला मध्ये घालूनही छडी थांबली नाही तर मग माझं उत्तर बदलेल, तेव्हा लेकरांना घेऊन काही दिवस माहेरी जा आणि का गेलात ते पास्टरला सरळ सांगा.

पास्टरशी बोलायला एकट्या जाऊ नका, मंडळीतल्या एखाद्या वयस्क बाईला सोबत घ्या, जुन्या बाया अशा गोष्टी बरोबर समजतात. नवऱ्याला एकदा मुलाला घेऊन ओपीडीत आणा, तपासणी मुलाच्या झोपेची आहे एवढंच सांगा, बाकी मी त्यांच्याशी बोलते. येताना मुलाला त्याचं आवडतं गाणं म्हणायला सांगेन असं त्याला आधीच सांगून ठेवा, म्हणजे घाबरणार नाही.